मामांचं पथ्य

मोठ्या सुट्टीची घंटा दिली की मामा हातोडी खिडकीत ठेवायचे आणि शिक्षकांच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहायचे. डावा तळवा बरगडीच्या खाली दाबलेला, उजवा हात चौकटीला. प्रश्न ठरलेला.

"आज डब्यात काय, बाई?"

मी शाळेत नवीन होते. वाटलं, माणूस भुकेला दिसतो, तोंडाने मागवत नसेल. म्हणून डब्याच्या झाकणात पोळी-भाजी घालून पुढे केली. मामा विंचू बघितल्यासारखे मागे सरले.

"नको, नको. निस्तं सांगा."

मग सांगितलं. वांग्याची भाजी, पोळ्या, लसणाची चटणी. वांगं भरलेलं की फोडी करून? फोडी करून. शेंगदाण्याचं कूट? घातलंय. मामांनी मान डोलावली, "झ्याक," म्हणाले आणि पुढच्या डब्याकडे वळले.

असा माणूस तुमच्याही कचेरीत असेल. दुसऱ्याच्या डब्याची चौकशी करणारा दिसला की आपण त्याला हावरा ठरवून मोकळे होतो, तसे आम्हीही झालो होतो. गणिताचे सर तर मुद्दाम डब्यात नसलेलेच पदार्थ सांगायचे. एकदा म्हणाले, पापलेट. मामांनी गंभीरपणे विचारलं, "तलेलं का कालवन?" सरांच्या डब्यात होती दोडक्याची भाजी. पण एकदा पापलेट म्हटल्यावर माघार कशी घेणार? त्यांना ते पापलेट मसाल्यासकट पूर्ण करावं लागलं आणि तोवर दोडका गार झाला.

आमची शाळा शहापूरहून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्यावर, किन्हवलीच्या पुढे. मी शहापूरहून एसटीने यायची. मामा शाळेचे शिपाई. शाळेमागची खाचरं ओलांडली की त्यांचं घर. अंगाने काटक, शर्ट नेहमी एका मापाने मोठा. तो शर्ट मोठा नव्हता, आतला माणूस कमी होत चालला होता, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

मामांचं पोट दुखायचं. कधीपासून, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. खाल्लं की अर्ध्या तासात बरगडीखाली कळ यायची, आंबट पाणी घशाशी यायचं. पोटाबद्दल ते बोलायचे ते वर्गातल्या एखाद्या द्वाड पोराबद्दल बोलावं तसं. "आज गप हाय." "आज सकालपासनं दंगा चाललाय." एकदा मुख्याध्यापकांनी हाक मारली तर दारातूनच म्हणाले, "जरा थांबा सर, याला बसवतो नि येतो." आणि पोट दाबून पायरीवर बसले. आम्ही हसलो. ते स्वतःही हसले.

औषधं त्यांनी किती केली याला गणती नाही. मुरबाडच्या बाजारात मुळ्या विकणारा वैदू, शहापूरचा साबुदाण्याच्या गोळ्यांचा डॉक्टर, कसाऱ्याकडचा कुणी बाबा. प्रत्येकाचं औषध वेगळं आणि पथ्य वेगळं. वैदूने वांगं आणि सुकी मासळी बंद केली. गोळ्यांच्या डॉक्टरने कांदा-लसूण बंद केला. बाबाने तेल सोडायला लावलं. औषध संपायचं, दुखणं राहायचं, आणि मामा आधीचं पथ्यही सोडायचे नाहीत.

"अहो मामा, वैदूचं औषध बंद करून दोन वर्षं झाली. आता वांगं खायला काय हरकत आहे?"

"सोडून कसं चालंल, बाई? कुनाचं पथ्य लागू पडनार, ते कुनाला म्हाईत?"

असं होता होता त्यांच्या ताटात तांदळाची पेज, मुगाचं पाणी आणि मीठ एवढंच उरलं होतं.

औषध लागू पडलं नाही की देणारा पहिला प्रश्न विचारायचा, पथ्य मोडलंस का? मामा प्रामाणिक. ते आठवायला बसायचे आणि काही ना काही सापडायचंच. कुणाच्या बारशाला तोंडात टाकलेला चिवडा. पोरांनी दिलेलं चिंचेचं बुटुक. "माजीच चूक," ते आम्हाला सांगायचे. कुठल्याही वैदू-डॉक्टराला त्यांनी कधी दोष दिला नाही. मला त्यांच्या या भलेपणाचा राग यायचा, अजून येतो.

शहापूरच्या सरकारी दवाखान्यात आम्हीच त्यांना बळेबळे पाठवलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं, पांढऱ्या औषधाची बाटली दिली आणि ठाण्याला जाऊन दुर्बिणीने पोट तपासून घ्या म्हणाले. मामा बाटली घेऊन परत आले, पण त्यांचं मन काही बसलं नाही.

"पथ्य इचारलं तर म्हनतो, तिखट जरा कमी करा. एवडंच. ज्याला पथ्य सांगता येत नाय, त्याला रोग काय कलला असनार?"

ठाण्याला जा म्हणून आम्ही मागे लागलो. ते नाही म्हणाले नाहीत. "जाऊ की. हातातलं पथ्य एकदा पुरं होऊ दे," म्हणायचे. हातातलं पथ्य कधीच पुरं झालं नाही.

मग ती चिनी औषधं आली. मामांचा मुलगा मुरबाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात हेल्पर होता. तिथे नवीन मशीन बसवायला चिनी फिटर आले होते. त्यातल्या एका वयस्क फिटरने या पोराला जेवणाच्या सुट्टीत उदास बसलेलं पाहिलं. पोराने खुणेने सांगितलं, बाप, पोट, दुखतं. त्या भल्या माणसाने दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पेटीतली पुडकी आणून दिली. त्याचंही पोट कधीकाळी असंच दुखायचं म्हणे. एका बाटलीत मिऱ्याएवढ्या काळ्या गोळ्या, आणि कागदी पुड्यांमध्ये वाळलेली साल, मुळ्या, काड्या. वर सगळी चिनी अक्षरं.

मामांनी ते सगळं आमच्या टेबलावर मांडलं. विज्ञानाच्या बाईंनी एक तुकडा हुंगून सांगितलं, ही संत्र्याची साल. मामांनी दुसरा तुकडा चावून सांगितलं, हा ज्येष्ठमध. सुंठ तर मीच ओळखली. गणिताचे सर म्हणाले, "एवढ्या लांबून आलं आणि निघालं आपल्या वैदूच्या पिशवीतलंच." मामा मात्र हरखले होते. चहाच्या स्टोव्हवर त्यांनी काढा उकळला आणि त्यानंतर आठवडाभर आमच्या चहाला तो वास येत राहिला. कुणी तक्रार केली नाही.

कारण मामांचं पोट गप बसलं होतं. खरंच. दोनेक आठवडे त्यांचा तळवा बरगडीखाली गेला नाही. घंटा जोरात वाजू लागली. एका दुपारी त्यांनी डब्यांची चौकशी करता करता मध्येच सांगून टाकलं, "बरं वाटलं ना बाई, की मी पैलं काय खानार म्हाईत हाय? बोंबील. सुका. तव्यावर तेलात कुरकुरीत केलेला, नि तांदलाची भाकर." बोलताना त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली आणि लाजले.

फक्त एक गोष्ट त्यांना खात होती. चिन्याने पथ्य सांगितलं नव्हतं. "औषद अर्दंच दिलंय," असं ते मुलाला रोज म्हणायचे. शेवटी पोराने कारखान्यातल्या मोडक्या हिंदीत आणि खुणांनी त्या फिटरला विचारलं, काय खायचं नाही? फिटरला बराच वेळ प्रश्नच कळेना. कळला तेव्हा तो हसला, दोन्ही हात पसरले आणि म्हणाला, "सब खाओ. सब."

हे मामांनी मला सांगितलं तेव्हा शाळा सुटली होती आणि ते वर्गांना कड्या घालत होते. मी म्हटलं, "अहो, मग छानच झालं. खा आता बोंबील."

मामांनी कडी घातली, ती ओढून बघितली.

"बाई, सगलं खा, असं कुनाला सांगतात?"

मला उत्तर येत होतं. तुम्हालाही येतं. आपल्याकडे डॉक्टर पेशंटला बाहेर बसवतो, घरच्यांना आत बोलावतो आणि म्हणतो, त्यांना काय हवं ते खाऊ द्या. ज्याच्या घरी असं एकदा झालंय, तो ते वाक्य विसरत नाही. मामांच्या थोरल्या भावाच्या वेळी झालं होतं.

"तसं नाही हो मामा. त्यांच्याकडे तशीच पद्धत असेल."

"आसंल," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चिनी औषधालाही आपणच पथ्य लावून घेतलं. आधीचं सगळं होतंच, त्यात मुगाचं पाणीही सोडलं. काहीतरी सोडायचं म्हटलं तर दुसरं उरलं होतं काय? पथ्य आहे म्हणजे औषधाला अजून आशा आहे, असा त्यांचा हिशेब. मला तेव्हाही तो चुकीचा वाटला, पण त्यातून त्यांना बाहेर कसं काढायचं, ते सुचलं नाही.

पुढे दंगा पुन्हा सुरू झाला. पहिल्यापेक्षा मोठा. पेजही ठरेना. मुलाने त्यांना मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं, दुर्बीण आत घातली, आणि तिथल्या डॉक्टरांनी आधी का आणलं नाही असं विचारलं. जठरात गाठ होती आणि ती पसरलेली होती. मामांना बाहेर बाकावर बसवून डॉक्टरांनी मामींना आत बोलावलं.

मी त्यांना भेटायला जायचं ठरवत होते, तोच निरोप आला.

पुढे शाळेला नवा शिपाई मिळाला. तरुण, मोबाइलवर वेळ बघून घंटा देणारा. त्याला आमच्या डब्यांशी काही घेणं नव्हतं. मोठ्या सुट्टीत आम्ही झाकणं उघडायचो आणि उगीच दाराकडे बघायचो. गणिताच्या सरांनी एकदा खरंच पापलेट आणलं. कुणाला सांगितलं नाही, खाली मान घालून खाल्लं.

एक दिवस शाळा सुटल्यावर मी खाचरांच्या बांधावरून मामींकडे गेले. मामी चुलीपाशी होत्या. चुलीवर पेज. घरात फोडणीचा वास नाही, तेलाची बाटली नाही. फळीवर ती चिनी बाटली होती, तळाला काळ्या गोळ्या शिल्लक.

"मामी, तुम्ही तरी नीट जेवा आता."

"आता सवय झाली, बाई. एवडी वर्सं त्यांचंच पथ्य खाल्लं. त्यांच्या म्होरं बसून मी येगलं कसं खानार?"

त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग न विचारता सांगू लागल्या.

"डाक्टर बोल्ला, काय पन द्या. मी त्यांना बोल्ले नाय. मीच बोल्ले, डाक्टर म्हनतो बरं होनार. पन वाटलं, जीव अडकलाय बोंबलात, एकदा खाऊ दे. म्हून तवा ठेवला, तेल घातलं. ते भायेर पडवीत निजलेले. वास गेला नि मला हाक मारली. बोल्ले, सांगितलं व्हय डाक्टरनी, सगलं खा म्हून?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हननार? तव्यावर बोंबील व्हता. मंग तेच बोल्ले, आन. अर्दा खाल्ला. चांगला झालाय बोल्ले. अर्दा मला दिला. त्याच्या म्होरं काय घेतलंच नाय तोंडात. पानी पन मी बोटानं घालायची. तोवर पेज तरी घेत व्हते."

मी म्हटलं, बोंबलाने काही झालं नाही, गाठ आधीचीच होती, डॉक्टरांनी सांगितलंच होतं. हे सगळं खरं होतं. मामींनी नीट ऐकून घेतलं.

"पन पथ्य मीच मोडलं ना," त्या म्हणाल्या.

मी उठले. मामींनी एका थाळीत पेज ओतली, मीठ घातलं आणि माझ्याकडे बघितलं.

"बाई, आज डब्यात काय व्हतं?"

मी दाराशी वळले.

"ते रोज येऊन सांगायचे. कोनी काय आनलं, कसं केलं. मी पेज वाढायची, ते भाजी सांगायचे. मंग जायची पेज."

मी परत खाली बसले. त्या दिवशी सकाळी घाई झाली होती, मी डबा आणलाच नव्हता.

"वांगं होतं," मी सांगितलं.

"भरलेलं?"

"भरलेलं. कूट घालून."

मामींनी थाळी तोंडाला लावली.