लाखेखालचं शून्य

पोस्टात लाख वितळल्याचा वास आला की मला रायपूरजवळच्या उरला या कारखान्यांच्या वस्तीतली ती शाळा आठवते. रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं आणि अमरावतीहून आलेली मी, मुलांची भाषा तपासायच्या सरकारी कामावर लागले होते. तेलीबांध्याच्या भाड्याच्या खोलीत मराठीतून बोलायला कोणीच नव्हतं. त्या दिवशी कारखान्यांची काळी धूळ बसलेल्या वर्गात, दुसरीतल्या एका मुलीपुढे मी बागेचं चित्र धरलं आणि विचारलं, "चित्र में क्या दिख रहा है?" ती नुसती बघत राहिली. ठरलेली दोन मिनिटं संपल्यावर मी तिच्या नावापुढे शून्य लिहिलं आणि वर्गाचं पाकीट बंद करून त्यावर लाख लावली. बाहेर आले तर हातपंपाशी तीच मुलगी हातवारे करत मैत्रिणीला छत्तीसगढीत सांगत होती, "दीदी के चित्र म पेड़ मन हरियर रहिन वो, हमर पारा कस करिया नइ!" हिरवी झाडं, आपल्या वस्तीतल्यासारखी काळी नाहीत, तिला सगळं दिसलं होतं आणि सांगताही येत होतं. माझ्या परीक्षेनं फक्त अनोळखी बाईपुढची तिची भीती मोजली होती. लाख अजून गरम होती, पण फोडली तर लेखी खुलासा द्यावा लागला असता. मी फोडली नाही. संध्याकाळी एसटीडी बूथवरून आईला फोन लावला आणि तोंडून शब्दच फुटेना. "काहून बोलून नाही राहिली वं?" आई विचारत राहिली, पण तिनं फोन ठेवला नाही. आता वाटतं, त्या पोरीसाठी मी दोनच मिनिटं थांबले होते.