धुराचं रीडिंग

आज सकाळी चटणी वाटताना आमच्या उस्मानपुऱ्यातल्या घरातला मिक्सर जळाला. त्या करपट वासासरशी मी थेट इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकल परीक्षेत जाऊन उभा राहिलो.

टेबलावर रेझिस्टर आणि लाल-काळ्या वायरींचं जंजाळ होतं. व्होल्टेज-करंटचे आकडे मी आमच्या रिवाजाप्रमाणं सीनियरच्या जर्नलमधून पाठ करून आलो होतो. ते सुंदर अक्षरात उतरवले. बाहेरगावाहून आलेले परीक्षक चष्मा सावरत म्हणाले, "वा! अगदी अचूक. पण बटण तर बंदच दिसतंय."

नापास झालो, तर वडील गावी शेंद्र्याला आमच्या तुरीच्या शेतात नेऊन उभं करणार होते. देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. चर्र आवाज झाला, एक रेझिस्टर काळा पडला आणि धुराची ऐटदार रेघ परीक्षकांच्या नाकापर्यंत गेली.

लॅब सांभाळणारे रशीदचाचा मदतीला धावले. "साब, बच्चे का रीडिंग एकदम सही है. बस सर्किट गलत आ गया."

परीक्षक पोट धरून हसले. मग माझे सगळे आकडे खोडून म्हणाले, "आता जे दिसलं ते लिही."

मी लिहिलं, 'बटण दाबताच धूर.' त्यांनी पास केलं.

तेव्हा लाजेनं मेलो होतो. आज वाटतं, अख्ख्या जर्नलमध्ये मी स्वतः घेतलेलं तेवढं एकच रीडिंग.

"अहो, नुसते हुंगत काय उभे राहिलात?" बायको ओरडली. "आधी प्लग काढा!"