नीलव्वाच्या हातातला पेपर

“मॅडम, आमच्या नीलव्वाला वाचता येत नाही असं छापताना तुमचा हात कसा चालला?”

सकाळचे साडेनऊ वाजले होते. एका हातात ऑफिसचं कुलूप, दुसऱ्या हातात फोन. त्या सकाळचा हा चौथा. आधीच्या तिघांनी निदान नमस्कार तरी केला होता.

लोकांकडे माझा नंबर असतो तो आमच्या प्रकाशनाच्या जुन्या खोडीमुळे. धारवाडात आमचं पुस्तकांचं दुकान आहे, वरच्या मजल्यावर ऑफिस. मालकांच्या वडिलांपासून रीत अशी की पुस्तकाच्या शेवटच्या पानावर संपादकाचा फोन नंबर छापायचा आणि खाली लिहायचं, ‘वाचून कळवा’. मी इथं सव्वीस वर्षं संपादक आहे. घरी मराठी, पोटापाण्याला कन्नड. एरवी महिन्याकाठी दोन-तीन फोन येतात, त्यातला एक लेखक हयात आहेत का हे विचारायला असतो. या पुस्तकाचे पहिल्याच आठवड्यात इतके आले की मी मोजायचं सोडून दिलं.

नीलव्वा ही टीव्हीवरच्या एका कन्नड मालिकेतली बाई. हुबळीत खानावळ चालवणारी. तोंडानं फटकळ, पण दारातून कुणाला उपाशी जाऊ न देणारी. पाच वर्षं ती रोज संध्याकाळी आमच्या घराघरांत येत होती. त्या अर्ध्या तासात इकडं कुणी कुणाला फोन करत नसे. एपिसोडची सुरुवात बहुधा ठरलेली असायची. नीलव्वा खानावळीच्या दारात बसलेली, डोळ्यांवर चष्मा, हातात पेपर. पहिलं गिऱ्हाईक आलं की ती विचारणार, “काय, आज काय विशेष?”

मालिका संपली आणि वर्षभरानं होन्नप्पा आले. निवृत्त पोस्टमन, राहणार नवनगर. कापडी पिशवीतून त्यांनी हस्तलिखित काढलं. नीलव्वाची खानावळ सुरू होण्याआधीची गोष्ट. याला आता प्रीक्वेल म्हणतात. ज्या कथेचा शेवट लोकांना पाठ आहे तिची सुरुवात नंतर लिहायची. अवघड काम, आणि होन्नप्पांनी ते असं केलं होतं की मी दोन दिवस ऑफिसातून हलले नाही.

मालिका बनवणारी कंपनी बेंगळूरची. तिची परवानगी घ्यावी लागली. त्यांनी एकच अट घातली. मालिकेत दाखवलंय त्याच्या विरुद्ध पुस्तकात काही नको. नाहीतर पुस्तक बाजारातून मागं घ्यायचं.

म्हणून मी रजिस्टर केलं. यालाच आमच्यात कंटिन्युइटी म्हणतात. पात्राचा डावा गुडघा दुखत असेल तर शंभर पानांनंतरही डावाच दुखला पाहिजे. मी मालिकेचे सगळे एपिसोड पाहून नीलव्वाची बारीकसारीक नोंद केली. आवडती भाजी, बांगड्यांचा रंग, माहेरच्या बैलाचं नाव. एक प्रत करारासोबत कंपनीला पाठवली. या रजिस्टरचा मला भारी अभिमान होता. त्या काळात मी नाकानं कांदे सोलत होते म्हटलं तरी चालेल.

आणि तरीही घोटाळा झाला. कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणात खानावळीची पाटी रंगवून होते आणि नीलव्वा पेंटरला विचारते, “काय लिहिलंयस रे यात?” तिला वाचता येत नसतं. मालिकेचा पहिला एपिसोड सुरू होतो दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि तिच्या हातात पेपर असतो. मी बैलाचं नाव तपासलं होतं. हे माझ्या नजरेतून सुटलं.

वाचकांच्या नजरेतून ते सुटलं नाही. एका बाईंनी तर फोनवर रडायला सुरुवात केली. “आमची नीलव्वा शहाणी बाई होती हो. तिला अडाणी काय केलंत?”

पाठोपाठ कंपनीचा मेल आला. तुमच्याच रजिस्टरच्या चौथ्या पानावर नोंद आहे, ‘रोज सकाळी पेपर वाचते’. पंधरा दिवसांत प्रकरण सुधारा, नाहीतर पुस्तक मागं घ्या.

आमचे मालक, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, मेल वाचून म्हणाले, “तुमच्याच रजिस्टरनं आपला गळा धरला की, मॅडम.”

“चूक माझी आहे, अण्णा.”

“चूक राहू दे. एक पॅरा घाला. कुणी जेवायला येणारा मास्तर होता, त्यानं तिला शिकवलं. झालं.”

मी होन्नप्पांना बोलावून घेतलं. ते आले, बसले, पाणी प्यायले.

“पॅरा नको,” ते म्हणाले. “ती वाचत नाही, मॅडम.”

“होन्नप्पा, पहिल्या एपिसोडपासून ती रोज पेपर वाचते.”

“पेपर धरते. वाचत नाही.”

“कुठल्या एपिसोडात दिसलं तुम्हाला?”

“नंबर ठाऊक नाही. टपाल आलं की तिचे हात बघा.”

एपिसोडचा नंबर नाही म्हणजे माझ्या लेखी पुरावा नाही. मी तसं त्यांना सांगितलं. ते रागावले नाहीत. पिशवी उचलून म्हणाले, “चौतीस वर्षं लोकांची पत्रं जशीच्या तशी पोचवली. मधे बदलली नाहीत. प्रकरण बदलणार असाल तर पुस्तकावरचं माझं नाव काढा.”

आयुष्यातलं एकच पुस्तक, आणि त्यावरचं नाव तो माणूस काढायला सांगत होता. मला त्यांचा हट्ट कळला नाही, उलट थोडा रागच आला. मी पॅरा लिहायला घेतला. मास्तर, पाटी, पेन्सिल. सुबक झाला होता.

गुरुवारी दुपारी तो टेबलावर असतानाच एक बाई जिना चढून वर आल्या. सत्तरीच्या आतबाहेर, इरकल साडी, हातात कापडी पिशवी. मी नेहमीप्रमाणे म्हणाले, “बर्री, कूडर्री.” या, बसा. त्यांनी बोर्डावरचं माझं नाव न बघताच विचारलं, “नीलव्वाचं पुस्तक छापणाऱ्या बाई तुम्हीच काय?”

बाई मराठी निघाल्या. माहेर अळणावरच्या पलीकडचं एक खेडं, जिथं बायकाही ‘आलो, गेलो’ म्हणतात. नवरा हेडमास्तर, आता हयात नाहीत. राहायला हुबळीत केशवापुरात, मुलाकडं. त्यांचं नाव मी लिहीत नाही, अक्का म्हणते.

मला वाटलं, आणखी एक तक्रार. म्हटलं, “अक्का, ते प्रकरण आम्ही बदलतोय.”

“तेच सांगायला आलो मी. बदलू नका.”

मी पेन खाली ठेवलं.

“माझी नात वाचून दाखवत होती मला,” त्या म्हणाल्या. “चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणून सांगितलंय घरात. ती त्या पानावर आली आणि पुस्तक फटकन मिटलं तिनं. म्हणाली, अज्जी, ही आपली नीलव्वा न्हवं. असली अडाणी बाई नीलव्वा कशी आसंल?”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“मी गप बसलो. खरं नीलव्वा वाचत न्हाई, मॅडम. पोस्टमन आला की तिच्या हाताला पीठ असतंय. हाताला पीठ लागलंय, तूच वाच की, म्हणती. एकदा न्हाई, दर खेपेला.”

“भाकऱ्या करणारी बाई आहे, अक्का. पीठ असणारच.”

“पोस्टमन चारला येतोय तिच्याकडं. चारला कोण भाकऱ्या बडवतंय?”

रजिस्टरमध्ये मी जेवणाच्या वेळा लिहिल्या होत्या. टपालाची वेळही लिहिली होती. दोन्ही नोंदी शेजारीशेजारी होत्या.

“आणि पेपर हातात आसताना आज काय विशेष म्हणून दुसऱ्याला का विचारायचं?” अक्का म्हणाल्या.

“हे तुम्हाला कसं दिसलं?”

त्यांनी आधी जिन्याकडं बघितलं. कुणी नव्हतं.

“मी पंचेचाळीस वर्सं तेच करतोय की.”

लग्न झालं तेव्हा नवरा नवा मास्तर. पहिल्याच आठवड्यात म्हणाला, तुला शिकवतो. मास्तराच्या बायकोला येत नाही म्हणायची लाज वाटली. येतंय मला, म्हणून गेल्या. “तितंच अडकलो,” अक्का म्हणाल्या. “एकदा येतंय म्हटल्यावर न्हाई कसं म्हणायचं? ते हेडमास्तर झाले, मग तर तोंडच बंद. दिव्याखाली अंधार म्हणतात ते आमचं घर.”

“त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही?”

“कळलं आसंल. बोलले न्हाईत कधी. सकाळी पेपर आला की सगळा मोठ्यानं वाचायचे. शाळेची सवय लागलीय म्हणायचे.”

आदल्या पंधरवड्यात शेकडो वाचकांनी मला नीलव्वा कोण आहे ते ओरडून सांगितलं होतं, आणि माझ्यासमोर बसलेली ही बाई ते हळू आवाजात सांगत होती. सव्वीस वर्षांत इतका सूक्ष्म वाचक मला भेटला नव्हता, आणि या वाचकाला अक्षर येत नव्हतं. चहा विचारायचंही सुचलं नाही.

“नीलव्वावर एवढा जीव लोकांचा,” उठताना अक्का म्हणाल्या. “तिला येत न्हाई म्हटल्यावर तिचं पुस्तक मिटायलेत. मग माझं काय करतील? ते पान काढू नका. काढलं तर नातीचं बोलणं खरं होतंय.”

जाताना त्यांनी केशवापूरची बस कुठं थांबते ते विचारलं नाही. बसचा नंबर चित्रासारखा ओळखते, म्हणाल्या.

मी सुबक पॅरा ड्रॉवरमध्ये टाकला आणि पुढचे तीन दिवस रजिस्टर समोर ठेवून मालिकेतले फक्त पेपरचे आणि टपालाचे प्रसंग पुन्हा पाहिले. या वेळी आवाज बंद करून, फक्त हात बघत. टपाल नऊ वेळा येतं. नऊही वेळा हाताला पीठ. पेपर रोज असतो, पण पाच वर्षांत तिनं एकदाही पान उलटलेलं नाही. एका एपिसोडात गिऱ्हाईक तिला पेपर उलटा देतं आणि ती तो तसाच धरून बसते. तिथं माझी नोंद होती, ‘विनोदी प्रसंग’. सगळं समोर होतं. मी ते लिहून ठेवलं होतं, तारीखवार. फक्त मला ते दिसलं नव्हतं.

कंपनीकडून नीलव्वाचं काम करणाऱ्या बाईंचा नंबर मिळाला. मी फोन करून सरळ विचारलं, “नीलव्वाला वाचता येतं का?”

त्या म्हणाल्या, “किती जणांनी ओळखलं?”

“दोघांनी. एक पोस्टमन आणि एक आजी.”

“पाच वर्षांत दोघंच?” त्या हसल्या. “स्क्रिप्टमध्ये ‘पेपर हातात’ एवढंच असायचं. वाचते असं कुणी लिहिलं नव्हतं. मी आधी नाटक कंपनीत होते. आमची स्वयंपाकीण असाच पेपर धरून बसायची. टपालाच्या सीनला मी दर वेळी पिठाचा डबा मागून घ्यायचे.”

“डायरेक्टरना सांगितलं नाहीत?”

“सांगितलं असतं तर त्यांनी त्यावर आठवडाभराचे एपिसोड काढले असते. रडारड, पार्श्वसंगीत. नकोच म्हटलं.”

हेच त्यांनी कंपनीला लिहून दिलं. मी नऊ एपिसोडांचे नंबर जोडले आणि माझी चौथ्या पानावरची नोंद चुकीची असल्याचं सहीनिशी कळवलं. दोन ओळींचा मेल आला, हरकत नाही. दुसरी आवृत्ती स्वल्पविरामही न हलवता निघाली. होन्नप्पांचं नाव जिथल्या तिथं राहिलं. मी त्यांची माफी मागितली तेव्हा ते म्हणाले, “मी काय शोधलं, मॅडम? दारादारांत पिठाचे हात बघितले. कित्येक घरांत पत्रं मीच वाचून दाखवली.”

वाचकांचे फोन येतच राहिले. आता मी वाद घालत नसे. एवढंच म्हणायचे, टपालाचे सीन पुन्हा बघा आणि मग कळवा. बरेच जण कळवत. फोनवर म्हणत, “होय की हो.” हुबळीच्या एका वकिलांनी सांगितलं की त्यांनी बघितलं, आणि मग गावाकडं आईला फोन केला. आई काय म्हणाली ते मी विचारलं नाही.

अक्कांना मी नवी प्रत पाठवली. महिन्याभरानं त्यांचा फोन आला. नंबर कुणी लावून दिला असं विचारल्यावर म्हणाल्या, “नातीनं. सांगितलं मी तिला.”

“काय म्हणाली?”

“आधी रडली. मला म्हणाली, अज्जी, मी असं कसं बोललो. मग पुस्तक काढून उरलेलं वाचलं. आणि मग विचारतीय, अज्जी, येत न्हाई तर तू रोज तासभर पेपर धरून का बसतीस?”

“मग काय सांगितलंत?”

“म्हटलं, तेवढा वेळ मला कोण काम सांगत न्हाई.”

मी रजिस्टरमधली ती ओळ खोडून नवी लिहिली आहे, ‘पेपर हातात धरते’. का धरते ते लिहिलेलं नाही. आमच्या धंद्यात दिसेल तेवढंच लिहावं. बाकीचं वाचकाला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं, कधीकधी तर वाचता येत नसलेल्या वाचकालाही.