कबड्डीच्या जर्सीवरची तलवारवाली

“ताई, तुमी हिला स्वेटर घातला व्हय?” रोहिणीने माझ्या स्क्रीनकडे बोट केलं.

स्वेटर नव्हता. चिलखत होतं, गळ्यापासून घोट्यापर्यंत.

बारामतीतल्या एका प्रिंटिंगच्या दुकानात मी खेळाच्या जर्सी डिझाइन करते. रोहिणी भवानीनगरजवळच्या एका गावातल्या महिला कबड्डी संघाची कॅप्टन, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. संघाला जर्सीवर जपानी ॲनिमेतल्यासारखी तलवारवाली नायिका हवी होती. नमुना म्हणून तिने पाठवलेल्या चित्रातल्या बाईच्या अंगावर कपडे जेमतेम होते. अशा नायिका पुरुष पुरुषांसाठीच काढतात, असं माझं कॉलेजपासूनचं मत. पक्कं होतं, आणि इंग्रजीत होतं. म्हणून न विचारता मी तिला झाकून टाकलं.

“ते चित्र बघणाऱ्यांसाठी काढलेलं असतं,” मी हळूच म्हणाले.

“मग बघू द्या की. मार कोण खातंय ते बी बघू द्या.” ती हसली, मग हसायची थांबली. “आमी शॉर्ट घालून खेळतो म्हणून गावात काय काय ऐकलंय, तुमाला ठावं न्हाय. ही तसल्याच कपड्यात धा जणांना लोळवती. कुणी तिला ‘आधी पाय झाक’ म्हणत न्हाय. आमाला तीच पायजे.”

रविवारी इंदापूरला त्यांची स्पर्धा होती आणि प्रूफ आजच्या आज मंजूर व्हायला हवं होतं. प्रूफ म्हणजे छपाईआधीचा नमुना. आमच्याकडे सब्लिमेशन प्रिंटिंग होतं. डिझाइन आधी कागदावर छापायचं, मग हीट प्रेसखाली तापवून रंग कापडात उतरवायचा. एकदा उतरला की निघत नाही.

मी चिलखत काढलं आणि तिच्या नमुन्यातली पोज घेतली. छाती एकीकडे, कंबर दुसरीकडे. रोहिणीने दुकानातच तसं उभं राहून पाहिलं आणि तोल जाऊन काउंटर धरला.

“अशी रेड टाकायची? कंबार मोडंल माझी!”

“मग तुम्ही कशा उभ्या राहता?”

ती काउंटर आणि हीट प्रेसच्या मधल्या जागेत चढाईला निघाल्यासारखी वाकली. गुडघे दुमडलेले, एक हात पुढे, नजर जणू समोरच्या खेळाडूच्या टाचेवर. मी सहसा माणसांकडे टक लावून बघत नाही. त्या दिवशी अर्धा तास बघितलं. मांडी चांगली भरदार काढली, तलवार पाठीवर टाकून हात मोकळे ठेवले, पायाखाली जादा गुणाची बोनस लाईन आखली. कपडे तिने मागितले होते तेवढेच.

प्रूफवर सही करायला गावच्या मंडळाचे तात्या आले. जर्सी मंडळ देणार होतं.

“पोरीच्या अंगावर कापड कमी हाय,” ते म्हणाले.

“लगेच वाढवतो, तात्या,” आमचे सर, म्हणजे दुकानाचे मालक, म्हणाले आणि मला खूण केली.

मी माउसवरचा हात काढला. “कापड वाढवलं तर गुडघा झाकला जाईल, तात्या. मग ती रेड टाकतेय हे कळणारच नाही.”

सर माझ्याकडे बघतच राहिले. दोन वर्षांत क्लायंटसमोर मी पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं.

तात्यांनी चष्मा पुसला आणि स्क्रीनजवळ वाकले.

“चुकलंय,” ते म्हणाले. रोहिणीचा चेहरा पडला.

“बोनस लाईन ओलांडतीय ना ही? मग मागचा पाय टेकलेला कसा? हवेत पायजे. टेकला तर गुण न्हाय. मी बारा वर्सं खेळलोय.”

“आणि कपडे?” सरांनी विचारलं.

“कपड्याचं काय? पाय वर घ्या तेवढा.”

मी चित्रातला पाय उचलला. त्यांनी सही केली.

रविवारी संघ अंतिम सामना जिंकला. पुढच्या आठवड्यात गावातल्या मुलांच्या संघानेही तीच बाई मागितली. देऊ का, असं विचारायला मी रोहिणीला फोन केला. ती म्हणाली, “त्यांना म्हणावं, तुमचा तुमी वाघ छापा.”

माझं जुनं मत मी पूर्ण सोडलेलं नाही. बऱ्याच नायिका अजूनही फक्त दिसण्यासाठीच उभ्या असतात. पण आता कपडे मोजण्याआधी मी एक गोष्ट तपासते. तशी उभी राहिली, तर ती पडणार तर नाही ना?