पुढची रांग

उत्रेख्तजवळच्या जुन्या रोमन किल्ल्यात रविवारी एक म्हातारा डच माणूस सैनिकाच्या वेशात उभा असायचा. हाताशी लंबगोल ढाल, चपलांच्या आत लोकरी मोजे. रोमन सैनिक बनलेले बाकीचे हौशी लोक लाल झगे मिरवायचे. याचा मळकट तपकिरी.

"तुम्ही रोमन नाही?" मी विचारलं.

"रोमन मागे असतात. मी जिंकलेल्या मुलखातला, मदतीच्या पलटणीतला. आधी आम्ही मरायचं, म्हणजे त्यांचं रक्त वाचतं." हनुवटीखालचा पट्टा सैल करत तो म्हणाला, "वाचलोच, तर पंचवीस वर्षांनी नागरिकत्व."

मी हसलो. तो हसला नाही.

परवा झुइडास या बड्या कंपन्यांच्या भागातल्या आमच्या ऑफिसात नोकरकपात जाहीर करायला सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. कामाच्या परमिटवर परदेशातून आलेले आम्ही दाराशीच घुटमळत होतो. मॅनेजर अदबीनं म्हणाला, "या ना, तुम्ही पुढे बसा."