आम्ही दाबलेली काळी माती

मेहकरकडच्या आमच्या बांधकाम ऑफिसातले जुने सोबती भेटलो, की तासभर तरी कुणी उठत नाही. आम्ही धड बांधलेल्या इमारती पुष्कळ आहेत, पण त्यांच्याबद्दल बोलायला काही नसतं. खचलेल्या, फुगलेल्या, तडकलेल्या बांधकामांच्या गोष्टी मात्र वाढतच जातात. त्यांत माझ्या वाट्याच्या जास्त, म्हणून सांगायचं कामही माझ्याकडेच येतं.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. मी साताऱ्याकडचा, ताजा डिप्लोमा घेऊन आलेला ओव्हरसियर. इथली काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचं बांधकाम तिच्याबरोबर वरखाली होतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं, त्यामुळे मला ते कळलंय असा माझा समज होता.

*

आमचं ऑफिस आम्हीच बांधलेलं. पाया काळ्या मातीतच थांबवलेला, खाली मुरुमापर्यंत नेलेलाच नाही. पावसाळ्यात दार उघडायचं नाही, उन्हाळ्यात लागायचं नाही.

एकदा भर पावसात एक सरपंच गावासाठी इमारत मागायला आले. त्यांना आत घ्यायला मी आतून दार ओढतोय, ते बाहेरून खांदा लावताहेत. शेवटी ते खिडकीतून आत आले, धोतर झटकून बसले आणि भिंतीवरची चीर वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाले, "साहेब, हे कोनं बांधलं?"

"आम्हीच."

"बरं," ते म्हणाले. "मंग आमाले निस्ते पैसे द्या. बांधून आमी घेतो."

*

जानेफळकडे जाणाऱ्या एका रस्त्याचा भराव चालला होता. माती दाबताना तिच्यात ओल बेताची लागते. कोरडी असली तर बसत नाही, फार ओली झाली तर चिखल होतो. मी सकाळी वरची माती चिमटीत धरून पाहिली. कोरडी वाटली, म्हणून टँकरभर पाणी ओतायला लावलं. आदल्या दिवशी तिथे पाऊस झाला होता आणि आतली माती ओलीच होती, हे मला ठाऊक नव्हतं.

रोलरचे ड्रायव्हर गफ्फारभाई. त्यांनी रोलर भरावावर घातला आणि मधोमध गेल्यावर इंजिन बंद करून शांतपणे खाली उतरले.

"काय झालं?" मी विचारलं.

"माती दबून नाही राह्यली, साहेब. रोलरच दबून राह्यला."

माती सुकेपर्यंत तो निघेना. बघायला माणसं जमू लागली, मग त्यांच्यासाठी चहाची टपरी आली, टपरीपाशी बस थांबू लागली. पुढे रोलर निघाला, पण स्टॉप राहिला. पुष्कळ वर्षांनी मी त्याच बसनं गेलो, तर कंडक्टर ओरडत होता, "चला, रोलरवाले उतरा."

शेजारच्या माणसाला मी विचारलं, हे काय नाव? तो म्हणाला, "कोन्या येड्या साहेबाचं काम हाय." मी पुढच्या स्टॉपपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो.

*

त्या फजितीनंतर मी मातीतली ओल मोजूनच काम करायचं ठरवलं. त्यासाठी ओली माती तोलायची, सुकवायची आणि पुन्हा तोलायची. सुकवायचं यंत्र जिल्ह्याच्या गावी. म्हणून मी घरीच, बायकोच्या तव्यावर माती भाजू लागलो. मी जरा बाहेर गेलो, की ती उलथन्यानं परतायची.

एका दुपारी शेजारच्या शांतामावशी आल्या. तव्यावर माती आणि समोर बायको, एवढंच त्यांनी पाहिलं. संध्याकाळी त्या खण, नारळ, चिंचा घेऊन ओटी भरायला हजर. सोबत गल्लीतल्या बायका. आमच्या लग्नाला तीन-चार वर्षं झाली होती आणि घरात मूल नव्हतं. बायको लाजेनं पार मिटून गेली.

"मावशी, तसं काही नाही," ती कशीबशी म्हणाली. "माती यांची आहे."

मावशींनी माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं. "काऊन गं? डोहाये तुह्या नवऱ्याले लागले काय?"

बायको हसली ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ओटी मात्र त्यांनी भरलीच.

*

आणि ती शाळा. तिची अर्धी जागा पक्क्या मुरुमावर, अर्धी बुजवलेल्या खदानीवर. भराव थराथरानं दाबायला हवा होता, पण मुंबईहून येणाऱ्या एका मंत्री पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन ठरलेलं. आम्ही माती एकदम लोटली, वरवर माती ठोकायची धुम्मस फिरवली आणि भिंती उभ्या केल्या.

उद्घाटनाआधीच मोठ्या वर्गाच्या भिंतीवर बारीक उभी चीर दिसली. आमचे इंजिनियर साहेब घाबरले, मीही घाबरलो. मग मलाच युक्ती सुचली. नव्या महाराष्ट्राचा मोठा नकाशा खळ लावून चिरेवर चिकटवला. पाहुणे नकाशा बघून खूश झाले, राज्याच्या एकीवर लांबलचक बोलले आणि गेले.

पावसाचं पाणी भरावात मुरलं आणि भिंतीचा उजवा भाग खाली बसू लागला. हेडमास्तर गुरुजींनी पोरांना झाडाखाली बसवलं आणि ते माझ्यामागे लागले, "साहेब, भिंत पोराईवर पडाच्या आंदी काही करा." मी धावपळ करून पाया मुरुमापर्यंत खणून नव्यानं भरायची मंजुरी आणली. कामगार टिकाव घेऊन पोचले, त्याच सकाळी तेच पाहुणे वाटेत म्हणून शाळा बघायला उतरले.

ते नकाशासमोर उभे राहिले. कागद बुलढाण्याच्या कडेनं वरपासून खालपर्यंत फाटला होता. उरलेला महाराष्ट्र जागेवर होता, विदर्भ बोटभर खाली सरकला होता.

पाहुण्यांचा चेहरा लाल झाला. "हे कोणी केलं?"

साहेब माझ्याकडे बघू लागले, मी जमिनीकडे. गुरुजी हात जोडून पुढे झाले.

"कोनीच नाही केलं, साहेब. घाईघाईत जोडलं, भराव कच्चा राह्यला."