पंख्याला खुर्ची न्हाई

मी नकला करते, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहितीय. पाथर्डीच्या स्टँडवर गाड्यांची घोषणा करणारी बाई, बँकेत 'लिंक नाही' म्हणणाऱ्या मॅडम, शिंक आली की आधी चष्मा काढून मग शिंकणारे आमचे हेडसर. शिंकेची पण नक्कल करते मी. याचा तोटा असा की मी माझ्या स्वतःच्या आवाजात काही बोलले, तरी लोकांना वाटतं ही कुणाची तरी नक्कल चाललीय, फक्त कुणाची ते अजून कळेना. एकदा मला खराखुरा विंचू चावला. मी बोंब मारली तर वहिनी चुलीपासूनच म्हणली, "लई भारी जमलं ताई, अगदी खरं वाटलं."

तर असल्या बाईवर कोण विश्वास ठेवणार? मी पण नसता ठेवला.

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली तेव्हा मात्र मला एकदम भाव आला. गावात दोन पॅनल. एकाचं चिन्ह पंखा, दुसऱ्याचं कपबशी. पंख्याचे पुढारी म्हणजे तात्या. माझे कोणी लागत नाहीत, पण त्यांना सगळं गाव तात्याच म्हणतं. रिक्षावर लावायची रेकॉर्ड त्यांनी माझ्याकडून करून घेतली. सासूचा आवाज मी, सुनेचा आवाज मी, 'पंख्यालाच मत देणार गं बाई' म्हणणारी म्हातारी पण मीच. आमचा स्टुडिओ म्हणजे डोक्यावरून घेतलेली गोधडी. गोधडी नसली तर अंगणातल्या कोंबड्या रेकॉर्डमध्ये येतात. पहिल्या वेळी मी 'विकास' म्हणले आणि नेमकी तेव्हाच एक कोंबडी अंडं घालून ओरडली. तात्यांनी ती रेकॉर्ड तशीच गावभर फिरवली. लोक म्हणले, चला, कायतरी तर झालं.

गोधडीत माझ्याबरोबर कायम माझी भाची घुसायची. भावाची पोरगी, बालवाडीत जाते. ही पोरगी बोलते ते ऐकून मला आपल्या तोंडाची लाज वाटते. दही लावलं की पातेल्यावर झाकण ठेवून सगळ्यांना दटावणार, "हळू बोला, दूध झोपलंय." हापशाला उन्हाळ्यात पाणी येत नाही, नुसता ठ्यां ठ्यां वाजतो, तर म्हणली, "आत्त्या, हापसा खोकतोय गं. त्याला औषध द्या." एसटी वळणावर दिसेनाशी झाली तर म्हणली, "गाडीनं रस्ता गुंडाळून नेला." मी आयुष्यभर दुसऱ्यांचं उचलून बोलत आले. हिचं सगळं कोरं, दुकानातून आत्ताच आणल्यासारखं.

एका दुपारी व्होल्टेज पडलं. आमच्याकडं ते रोजचंच. पंखा असा फिरायला लागला की पाती मोजून घ्या. ती खाली सतरंजीवर उताणी पडून त्याच्याकडं बघत होती. लई वेळ बघितलं आणि म्हणली, "पंखा दमलाय. पर त्याला बसायला खुर्ची न्हाई."

मी काय केलं, ते तीन ओळीत तोडून स्टेटसला टाकलं.

पंखा दमलाय.
पर त्याला बसायला
खुर्ची न्हाई.

खाली पोरीचं नाव टाकलं नाही. तेवढी अक्कल तेव्हा सुचली नाही. आणि पंखा म्हणजे निवडणुकीतला पंखा, खुर्ची म्हणजे सरपंचाची खुर्ची, हे तर माझ्या डोक्यातच नाही. माझा पंखा आपला छताला लटकलेला.

पहिला फोन मैत्रिणीचा. "कोण आहे गं तो? लग्नाचं जमत नाही का त्याचं?" मग हेडसरांचा मेसेज: 'आशय उत्तम. खुर्चीऐवजी आसन घेतल्यास भारदस्तपणा येईल.' मग भाऊ घरात आला, मोबाईल माझ्या नाकापुढं धरून म्हणला, "दुसरी खुर्ची आणतो म्हणलो हुतो ना मी? गावाला सांगायची काय गरज हुती?" आमच्या घरात प्लास्टिकची एकच खुर्ची, पाहुण्यांसाठी ठेवलेली. त्याला वाटलं मी टोमणा मारला.

वहिनी भांडी जरा जोरात आपटायला लागली. मग म्हणली, "ताई, पंखा म्हणजे मीच ना?"

"तू कशी पंखा?"

"दिसभर गरगर फिरते, बसायला मिळत न्हाई. तोंडावर सांगायचं की. मोबाईलवर कशाला?"

मी शपथा घेतल्या. तर म्हणली, "शपथ कुणाच्या आवाजात घेतली?" पण त्या दिवशी संध्याकाळी भावानं खुर्ची सरकवली आणि तिला म्हणला, "बस की जरा." ती संशयानं बसली, अर्ध्या खुर्चीवर, कधी उठायला लागल सांगता येत नाही अशी.

तोपर्यंत कपबशीवाल्यांनी ते स्टेटस उचलून गावच्या ग्रुपवर फिरवलं होतं. खाली लिहिलं, 'बघा, त्यांचीच माणसं काय म्हणतात!'

दुसऱ्या दिवशी तात्या घरी. बरोबर एक कार्यकर्ता, तो नुसता मान हलवायला आणलेला. तात्या खुर्चीवर बसले. ती एकुलती एक खुर्ची.

"पोरी, चहा कुणाचा पेलीस?"

"घरचाच की, तात्या."

"कपबशीतून का?"

कार्यकर्त्यानं मान हलवली.

मी सांगितलं, तात्या, हे माझं नाही, पोरीनं म्हणलंय. तात्या हसले. "आमाला येडं समजती व्हय? माझा आवाज तू काढतीस, माझ्या बायकोचा काढतीस, बारक्या पोरीचा काढायला तुला किती वेळ?"

"खरंच तिनं म्हणलंय."

"बोलव तिला."

भाची आली. हातात अर्धा पेरू, परकराला माती. तात्यांनी आवाज गोड केला. तो आवाज मला जमतो, पण वाईट दिसतो म्हणून मी करत नाही. "बाळा, तुला ते कुणी शिकवलं गं?"

"काय?"

"तेच. पंखा दमलाय."

"दमलाच हुता."

"कोण दमला?"

"पंखा."

"ऐका!" तात्या कार्यकर्त्याकडं वळले. "तोंडपाठ करून घेतलंय." मग परत तिच्याकडं. "आन् खुर्ची? खुर्चीचं कुणी सांगितलं? आत्त्यानं? का कुणी खाऊ दिला?"

पोरीनं वर बघितलं. तेव्हाही व्होल्टेज नव्हतंच. मग तात्यांकडं बघितलं, त्यांच्या खालच्या खुर्चीकडं बघितलं, आणि अगदी समजुतीनं म्हणली, "आजोबा, तुमी उठा की जरा. त्याला बसू द्या."

मला हसू आलं. लई वाईट वेळी आलं. तात्या उठले, पण पंख्याला जागा द्यायला नाही. जाताना म्हणले, "लेकराच्या आडून बाण मारायचे. शोभत न्हाई." रिक्षावरची रेकॉर्ड त्या दिवशीच बदलली. नवीन पोरगा आणला, तो सासू आणि सून एकाच आवाजात बोलायचा.

त्याचं मला काही नाही. पण त्या संध्याकाळी वहिनीनं पोरीला धरलं. "लोकांपुढं तोंड आवरायचं! काय बी बडबडायचं न्हाई!" भावानं परत तेच विचारलं, खरं सांग, कुणी शिकवलं? दुकानात गेली तर दुकानदार, कुणी शिकवलं? हापशावर बाया, कुणी शिकवलं गं सोने? एवढी एवढीशी पोरगी, आणि सगळं गाव तिची झडती घ्यायला लागलं.

आणि ती बंद झाली.

बोलायची तशी. भूक लागली, शी आली, चप्पल कुठाय. पण तिचं ते बोलणं गेलं. दही लावलं, मी मुद्दाम मोठ्यानं बोलले, तिनं दटावलं नाही. हापशावर नेलं, हापसा खोकला. मी म्हणले, "काय करतोय गं हा?"

"वाजतोय."

"पंखा काय करतोय?"

"पंखा फिरतो. गाय दूध देते." बालवाडीतल्या तक्त्यासारखं, सरळ उभं राहून.

मग मी तिला चिडवायला, खुलवायला म्हणून माझ्या सगळ्यात चांगल्या आवाजात म्हणले, "आगं हापसा खोकतोय, औषध द्या त्याला!" हुबेहूब तिचा आवाज. ती माझ्याकडं बघत राहिली. तात्या बघत होते ना माझ्याकडं, तसंच.

"ते माझं हाय," ती म्हणली. "तू नको म्हणू."

त्याच आठवड्यात कपबशीवाल्या काकू आल्या. बिस्किटाचा मोठा पुडा घेऊन. पोरीला मांडीवर घेतलं. "आता आमच्या कपबशीवर बोल बरं कायतरी. तसंच, पंख्यावर बोललीस तसं." पोरीनं बिस्किट धरलं. समोर काकूंच्या चहाची कपबशी होती. ती तिच्याकडं बघायला लागली आणि मला दिसलं, आलं. तिच्या तोंडात काहीतरी आलं. डोळे बारीक झाले, ओठ हलले. काकू पुढं झुकल्या. मी पण झुकले, खोटं कशाला बोलू. माझा हात मोबाईलकडं गेला. तिनं तो हात बघितला. बिस्किट तोंडात घातलं, चावलं, आणि आलेलं त्याच्याबरोबर गिळून टाकलं.

"कपात चहा असतो," म्हणली.

काकू पुढच्या घरी गेल्या. मला मात्र झोप लागेना. कारण आता माझाच माझ्यावर संशय. खुर्ची तिनं कुठून आणली? गोधडीत मी तात्यांची नक्कल करायचे, त्यात खुर्ची बोलले होते का? मग ते तिचं का माझं? का तिनं नुसतं बघितलं होतं, की घरात दमलेलं माणूस आलं की आपण खुर्ची सरकवतो? वहिनी सोडून. हे आठवलं आणि मी विचार करायचं थांबवलं. गावानं तिला विचारून विचारून बंद केलं, आता मी पण मनातल्या मनात तेच विचारायला लागले होते. कुणी शिकवलं?

निवडणूक झाली. पंखा आला. तात्यांना खुर्ची मिळाली. आणि मग गंमत बघा, तात्यांचा मला फोन. आवाज एकदम साखर. "पोरी, ती ओळ शकुनाची निघाली बघ! दमला हुता, बसायला मिळालं! सत्काराच्या फ्लेक्सवर टाकायचीय. आन् पोरीकडून अजून एखादी घे की. खुर्चीत बसल्यावरची." म्हणजे तीच ओळ, तेच तात्या. आधी बाण होता, आता शकुन. पंखा बिचारा छतालाच.

"बघते," म्हणले आणि बाहेर आले. अंधार पडायच्या आधीची वेळ, भाची कोंबड्या डालत होती. एकेक कोंबडी धरायची आणि बांबूच्या डालग्याखाली सरकवायची. मी तिच्या शेजारी बसले. ती माझ्याकडं न बघता हात पुढं करून म्हणली, "मोबाईल."

मी दिला. तिनं डालगं एका बाजूनं उचललं, मोबाईल आत सरकवला, डालगं खाली केलं आणि वर दगड ठेवला. मग माझी ओढणी झटकून बघितली.

"अजून एक हाय का?"

"एकच असतो गं माझ्याकडं."

"नक्कल करायची न्हाई."

"न्हाई."

"माझी बी न्हाई."

"बरं."

ती माझ्या कानाजवळ आली. आणि नेमका डालग्यात फोन वाजला. फटीफटीतून उजेड पडला, आत कोंबड्यांनी दंगा केला. तात्याच असणार. माझा हात आपोआप दगडाकडं गेला. ती मागं सरकली, आणि तिचा चेहरा परत तक्त्यासारखा व्हायला लागला. गाय दूध देते.

मी हात मागं घेतला. मांडीखाली दाबून त्याच्यावर बसले.

फोन वाजतच राहिला. ती बघत होती, मी उठते का नाही. मग म्हणली, "त्यांना सांग, घरी कोणी न्हाई."

"मी घरी असताना कसं सांगू?"

तिनं विचार केला. "कोंबडीच्या आवाजात सांग."

मी सांगितलं. गळा ताणून, मान झटकून, अंडं घातल्यासारखं सांगितलं. डालग्यातल्या एकीला ते खरं वाटलं, तिनं आतून उत्तर दिलं. पोरगी अशी हसली की मातीत पडली. तात्यांपर्यंत काही पोचलं नसणार, फोन उचललाच कुठं होता. वाजून वाजून बंद झाला.

मग ती उठली, परकर झटकला, माझा कान धरला आणि त्यात सांगितलं. डालग्यातल्या उजेडाचंच काहीतरी होतं.

हे लिहायच्या आधी मी तिला विचारलं. म्हणली, "पंख्याचं लिही. ते समद्यांनी उष्टं केलंच हाय."

"आणि डालग्यातलं?"

तिनं आधी माझे दोन्ही हात उघडून बघितले.

"ते न्हाई."